स्क्रॅचची लेखणी

अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने घडवलेली आणि २००७ मध्ये सर्वांसाठी खुली झालेली ‘स्क्रॅच’ ही मुलांची प्रोग्रॅमिंग भाषा मुख्यतः खेळ आणि हलत्या गोष्टी रचण्यासाठी ओळखली जाते. तिच्यातील रेषा काढणाऱ्या ‘पेन’चे कूळ मात्र बरेच जुने, १९६७ मध्ये सीमोर पॅपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सोलोमन यांनी उभ्या केलेल्या लोगो भाषेपर्यंत पोहोचणारे आहे. लोगोचे ‘कासव’ आधी जमिनीवर चालणारे यंत्र होते आणि पुढे पडद्यावरची खूण झाले; पण चालता चालता मागे रेषा सोडण्याचे त्याचे काम तेच राहिले.

कासवाला आज्ञा टंकून दिली की ते हलत असे. स्क्रॅच घटनाचालित आहे, म्हणजे तिच्यातील आज्ञांच्या ठोकळ्यांची प्रत्येक साखळी हिरवा झेंडा किंवा एखादी कळ दाबली जाण्याची, अथवा दुसऱ्या साखळीकडून संदेश येण्याची वाट पाहत असते. एक साखळी पात्राला, म्हणजे स्प्राइटला, चालवत असतानाच दुसरी बाणाच्या कळीसरशी रेषा जाड करते आणि तिसरी रंग पालटते. त्यामुळे तोच प्रोग्रॅम दोनदा चालवला तरी चित्र तेच येईल असे नाही.

भूमितीचा खरा धडा त्रिकोणापाशी मिळतो. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा हे पाठ असलेला विद्यार्थी प्रत्येक बाजूनंतर पात्राला ६० अंशांत वळवतो, आणि तीन बाजू होऊनही आकृती न मिटता अर्धा षटकोन तेवढा उरतो. पात्र वळते ते बाह्यकोनातून, आणि बहुभुजाकृतीची एक फेरी पूर्ण होताना या वळणांची बेरीज ३६० अंश व्हावी लागते. म्हणून येथे १२० हवेत. हे फळ्यावर सांगता येते, पण तीन बाजू काढूनही न मिटलेली आकृती ते अधिक पक्के शिकवते.

माउसने मुक्तहस्त रेखाटन करण्याचा प्रोग्रॅम जेमतेम सहा-सात ठोकळ्यांचा असतो, पण त्यांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. सतत चालणाऱ्या आवर्तनात आधी पात्राला माउसपाशी नेऊन मग बटण दाबलेले आहे का ते पाहायचे आणि त्यानुसार पेन टेकवायचे वा उचलायचे. हा क्रम उलटला, तर टॅबलेटवर बोट उचलून दुसरीकडे टेकवताच जुन्या जागेपासून नव्या जागेपर्यंत नको असलेली सरळ रेघ उमटते.

स्क्रॅच पडदा सेकंदाला सुमारे ३० वेळा ताजा करते आणि साधे आवर्तन प्रत्येक फेरीनंतर त्यासाठी थांबते, म्हणून एकेक पाऊल व एकेक अंश अशा ३६० फेऱ्यांनी काढलेल्या वर्तुळाला सुमारे १२ सेकंद लागतात. असे न थांबणाऱ्या ‘टर्बो’ स्थितीत ते क्षणार्धात उमटते. नवशिक्याने मात्र ते आधी संथच पाहावे, कारण वर्तुळ छोट्या सरळ रेघांतून घडताना तेव्हाच दिसते.

२०१९ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत पेनचे ठोकळे मुख्य यादीतून काढून वेगळ्या जोडविभागात ठेवले गेले. यादी सुटसुटीत झाली हे खरे, पण ज्याला पेन आहे हेच माहीत नाही, तो ते शोधायला जाणार तरी कशाला? पेनच्या रेषा पार्श्वभूमी आणि पात्रे यांच्या मधल्या थरावर उमटतात, म्हणून ‘सर्व पुसा’ म्हटले की त्या जातात आणि पात्रे जागच्या जागी राहतात. एखाद्या पात्रावरून रेषा न्यायची असेल, तर आधी त्याचा ठसा त्याच थरावर उमटवून मूळ पात्र लपवावे लागते.