जुन्या सळईला नवी सळई

भूम तालुक्यातील ईट काय किंवा धाराशिव जिल्ह्यातील दुसरे कोणतेही वाढते गाव काय, एखाद्या गच्चीवर उभे राहून सभोवार पाहावे, तर घरोघरच्या स्लॅबवर लोखंडी सळयांचे झुबके आकाशाकडे तोंड करून उभे दिसतात. पुढेमागे मजला चढवू, या आशेने मालकाने ते राखलेले असतात. सोयाबीनचे दोन पैसे हाती येतात, थोरल्याचे लग्न ठरते, आणि दहापंधरा पावसाळे खाल्लेल्या त्या सळयांना नव्या सळया जोडण्याची वेळ येते. हा जोड कसा असावा, याचा आज आपण विचार करू.

पुष्कळांची अशी समजूत असते की, दोन सळया शेजारी ठेवून तार घट्ट आवळली की जोड पक्का झाला. वस्तुतः तारेचे काम सळया काँक्रीट पडेपर्यंत जागेवर धरून ठेवण्याचे, एवढेच. ओढ एका सळईतून दुसरीत जाते ती मधल्या काँक्रीटमधून. सळईच्या अंगावरील कंगोरे काँक्रीटला पकडतात, काँक्रीट दुसऱ्या सळईला पकडते. ही पकड पुरेशा लांबीवर पसरली पाहिजे. नेहमीच्या कंगोरेदार सळईला (४१५ प्रतीच्या) आणि एम-२० काँक्रीटला ही लांबी सळईच्या जाडीच्या सुमारे ४७ पट येते. म्हणजे १२ मिलिमीटरच्या, आपल्या भाषेत चार सुती, सळईला जवळजवळ १ फूट १० इंच, आणि १६ मिलिमीटरच्या सळईला अडीच फूट. आता गच्चीवरचे झुबके मोजा. कित्येक ठिकाणी ते दीड फुटाचेही भरत नाहीत!

लांबीइतकेच महत्त्व जागेचे आहे. भूकंपात इमारत डोलते तेव्हा कॉलमला सर्वांत जास्त वाक येतो तो स्लॅबच्या लगत, खाली आणि वर. मध्यभागी तो कमी असतो. म्हणून भूकंपरोधक बांधकामाचे भारतीय मानक सांगते की, जोड कॉलमच्या मधल्या अर्ध्या भागात घ्यावा, सगळ्या सळया एकाच पातळीवर जोडू नयेत, आणि जोडाच्या लांबीत रिंगा जवळजवळ बांधाव्यात. दहा फुटी कॉलम धरला तर स्लॅबपासून पहिले अडीच फूट जोडाविना सोडावे लागतात. सोडलेली सळई साडेचार-पाच फूट हवी, ती यामुळे. आपल्याकडे मात्र जोड नेमका स्लॅबला टेकून होतो.

हे कोणाला फाजील सावधपणाचे वाटेल. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तोवर हा मुलूख नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. सुमारे ८,००० माणसे गेली. पडली ती बहुतेक दगडमातीची घरे. म्हणून स्लॅबच्या घरात भय नाही, असे अनेकांनी मनाशी धरले. पण २६ जानेवारी २००१ रोजी कच्छच्या भूकंपाने केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर अहमदाबादेत कॉलमवर उभ्या असलेल्या बहुमजली इमारती जमीनदोस्त केल्या.

गंजाविषयी आमचे मत असे की, त्याला भिण्यापेक्षा त्याला मोजावे. बोटाला लागणारी पातळ तांबूस पूड तारेच्या ब्रशने घासली की काम भागते. पापुद्रे सुटत असतील तर मात्र ते काढून उरलेली जाडी मापावी. १२ची सळई १०ची झाली, तर दोनच मिलिमीटर गेले असे वाटते. पण क्षेत्रफळ जाडीच्या वर्गाने घटते, आणि खरोखर ३० टक्के लोखंड गेलेले असते. स्लॅबमधून सळई जिथे बाहेर पडते तेथे पाणी साचते व गंज खोल जातो. तेथले काँक्रीट थोडे फोडून पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये. वाकवून ठेवलेली सळई पुन्हा सरळ करतानाही वाकाशी चीर पडली आहे का, ते पाहावे.

सळई आखूड पडली की वेल्डिंगवाल्याला बोलावणे येते. येथे थांबावे. जुन्या पीळदार सळईचे बळ थंडपणी दिलेल्या पिळात असते, हल्लीच्या टीएमटी सळईचे बळ कारखान्यात पाण्याने झटकन थंड केलेल्या तिच्या बाह्य कवचात असते. जादा उष्णता दोघींनाही मऊ करते. लोखंडात कार्बन अधिक असेल तर सांधा ठिसूळ होतो. जातीची परीक्षा करून, योग्य कांडी वापरून कुशल कारागीर हे काम करू शकतो. परंतु नुसता ठिपका टेकवणे म्हणजे जोड नव्हे. त्यापेक्षा दोन्ही टोके धरणारी कपलरची नळी बरी. तीही बसत नसेल तर जुन्या काँक्रीटमध्ये भोक पाडून इपॉक्सीने नवी सळई रोवता येते. त्यात भोकातील धूळ ब्रशने व हवेने पूर्ण काढणे हीच खरी मेहनत, कारण इपॉक्सी धुळीला चिकटले तर काँक्रीटला चिकटत नाही. भोक किती खोल असावे, हे अभियंत्याने हिशेबाने ठरवावे.

ज्यांचा मजला अजून दूर आहे, त्यांनी सोडलेल्या सळयांना सिमेंटची दाट खळ लावून त्यांभोवती कमी सिमेंटच्या काँक्रीटचा पेटारा भरून टाकावा. वेळ येईल तेव्हा तो छिन्नीने सहज फुटतो, आणि आतली सळई कोरडी निघते.