साबणाच्या साह्याने धातूची धरपकड

वसईच्या पूर्वेस वालीव, सातिवली, गोखिवरे या गावांच्या शिवारात लघुउद्योगांचे जे गाळे दाटीने उभे राहिले आहेत, तशा वसाहतींत मुलामा देण्याचे काम जेथे जेथे चालते, तेथे निकेलच्या टाकीतील हिरवेगार पाणी पाहणाऱ्याच्या नजरेत प्रथम भरते. परंतु खरी चिंता त्याची नव्हे, तर चकाकी चढलेला जिन्नस ज्यात खंगाळतात त्या फिकट, निरुपद्रवी भासणाऱ्या धुवणाची. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात निकेल लिटरमागे ०.०२ मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये, आणि ज्या तालुक्यातील वाड्यांनी विहिरी व बावखले (गोड्या पाण्याची लहान तळी) यांच्या भरवशावर पिढ्यान्‌पिढ्या बागायत केली, तेथे हे धुवण कोठे जाते याची विचारपूस व्हायलाच हवी.

चुना घालून धातू गाळाच्या रूपाने खाली बसवावा आणि तो गाळ तळोज्याच्या घातक कचरा केंद्राकडे रवाना करावा, हा रूढ रिवाज. त्यात पाणी बरेचसे निवळते, पण धातू हातचा जातो. याहून चतुर युक्ती १९८०च्या दशकात ओक्लाहोमा विद्यापीठातील स्केमहॉर्न प्रभृतींनी विकसित केली. निकेलचा आयन भोवतीच्या जलरेणूंसह धरला तरी एक नॅनोमीटरहून लहान भरत असल्यामुळे पाणी गाळणाऱ्या साध्या पटलाच्या छिद्रांतून तो सहज निसटतो. तेव्हा चाळणी अधिक बारीक करण्याऐवजी, रव्याचा लाडू वळावा तसा आयनच मोठा करावा. टूथपेस्टमध्ये फेसासाठी घालतात ते साबणासारखे सोडियम डोडेसिल सल्फेट लिटरमागे सुमारे २.३ ग्रॅमच्या पुढे गेले, की त्याचे साठेक रेणू तेलकट शेपट्या आत व ऋणभारित डोकी बाहेर ठेवून एकत्र गोळा होतात, धनभारित निकेल त्या डोक्यांना चिकटते, आणि समुद्राचे पाणी गोडे करताना लागणाऱ्या दाबाच्या अल्पांशात पटल हा सारा ऐवज अडवून धरते.

अर्थात गोळ्यात न सामावलेले सुटे रेणू पटलाबाहेर निसटतातच, आणि धातूच्या बदल्यात साबण नाल्यात सोडणे हा काही हिशेब नव्हे. शिवाय षट्‌संयुजी क्रोमियम पाण्यात ऋणभारित असते; त्याला हा गोळा दूर लोटतो, तेथे धनभारित डोक्याचे द्रव्य हवे. खाडीच्या खाऱ्या पाण्यात तर सोडियमच डोक्यांभोवती गर्दी करते. म्हणून, माझ्या मते, या पटल-यंत्राची जागा नाल्याच्या मुखाशी नसून गाळ्यातच, एकाच धातूचे धुवण जेथे साचते त्या पहिल्या टाकीपाशी आहे: तेथे अडवलेल्या दाट द्रावात आम्ल ओतले, की हायड्रोजनचे आयन निकेलला हुसकावून त्याची जागा घेतात, आणि सुटलेले निकेल निराळे काढून पुन्हा मुलाम्याच्या कामी लावता येते.