कुठेतरी असेलच की!

ज्यांना कानात इअरफोन घालून ऐकायचंय त्यांच्यासाठी भाग वर आहेच. लोकलमध्ये आवाज येत नाही, किंवा ऑफिसात गुपचूप वाचायचंय, त्यांच्यासाठी हे नेहमीप्रमाणे लिखित रूप. बोलण्याच्या ओघातलं थोडं इकडेतिकडे केलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय जुने सिनेमे. पण "जुने सिनेमे किती छान होते" हा भाग नाही. ते सिनेमे आज आहेत कुठे, आणि नसतील तर गेले कुठे, हा भाग आहे.

सुरुवात 'आलम आरा'पासून करू. १४ मार्च १९३१, गिरगावातलं मॅजेस्टिक सिनेमा. भारताचा पहिला बोलपट. दिग्दर्शक अर्देशीर इराणी. गर्दी एवढी की आवरायला पोलीस बोलवावे लागले. सामान्य ज्ञानाच्या परीक्षेत आपण सगळ्यांनी हे नाव लिहिलंय. आता फोन काढा आणि तो सिनेमा शोधून दाखवा. नाही सापडणार. काही फोटो आहेत, जाहिराती आहेत. सिनेमा नाही. एकही प्रिंट उरलेली नाही.

२००३ साली पुण्यात राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्म जिथे ठेवल्या होत्या तिथे आग लागली. पुढे बातम्यांमध्ये यायला लागलं की 'आलम आरा'ची शेवटची प्रिंट त्यातच जळाली. पण संग्रहालय ज्यांनी उभं केलं त्या पी. के. नायर यांनीच हे खोडून काढलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. १९६४ मध्ये संग्रहालय सुरू झालं, त्याच्या आधीच हा सिनेमा हरवला होता. नायर इराणींना भेटलेही होते. स्टुडिओत काही रिळं कुठेतरी पडलेली असतील, असं इराणींना वाटत होतं. नंतर त्यांच्या मुलाकडून कळलं, की ती रिळं चांदी काढण्यासाठी केव्हाच गेली.

म्हणजे बघा. खुद्द निर्मात्याला वाटतंय स्टुडिओत असेल. लोकांना वाटतंय पुण्याला असेल. प्रत्यक्षात कुठेच नाही. "कुठेतरी असेलच की" या एका वाक्याने जेवढे सिनेमे घालवले, तेवढे आगीनेही घालवले नसतील असं मला वाटतं.

चांदी कुठून आली?

जुन्या कृष्णधवल फिल्मवर दिसणारं चित्र चांदीच्या बारीक कणांचं असतं. सिनेमा थिएटरातून उतरला की निर्मात्याच्या दृष्टीने ती फिल्म म्हणजे गोदामातली अडगळ. भंगारात दिली तर चांदीचे चार पैसे तरी सुटतात. तेव्हा टीव्ही नव्हता, ओटीटी नव्हतं. जुना सिनेमा परत कोण बघणार, हा त्यांचा हिशोब त्या काळापुरता चुकीचाही नव्हता.

त्यात फिल्मचा स्वभावही विचित्र. १९५०च्या सुमारापर्यंत फिल्मची पट्टी सेल्युलोज नायट्रेटची असायची. ही एकदा पेटली की विझवणं जवळपास अशक्य, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्या रेणूतच असतो. पाण्याखालीसुद्धा जळत राहते! मग तुलनेने सुरक्षित अशी अॅसिटेटची पट्टी आली. पण उष्ण आणि दमट हवेत अॅसिटेट कुजायला लागतं, त्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. ते आम्ल पट्टीला आणखी कुजवतं. म्हणजे एकदा चक्र सुरू झालं की वेग वाढतच जातो. मुंबईचा पावसाळा आठवा आणि विचार करा.

परिणाम काय? भारतात तेराशेच्या आसपास मूकपट बनले असं धरलं जातं. पूर्ण-अपूर्ण धरून आज तीसच्या आसपास उरलेत. कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांचा १९२५चा 'सावकारी पाश' घ्या. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची गोष्ट, आणि त्यात तरुण व्ही. शांताराम काम करतायत. त्याच्याबद्दल वाचता येतं. तो मूकपट बघता येत नाही.

आणि 'राजा हरिश्चंद्र'? ३ मे १९१३ला प्रदर्शित झालेल्या या सिनेमाचा जो तुकडा आपण यूट्यूबवर बघतो, तो मूळचा नसून फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीतला आहे, असं अनेक अभ्यासक सांगतात. आपल्या सिनेमाचा जन्मदाखलाच झेरॉक्स निघाला म्हणा ना.

उलट बाजूही आहे. फाळक्यांचा १९१९चा 'कालिया मर्दन' आज बऱ्यापैकी सलग बघता येतो. त्यात छोट्या कृष्णाचं काम फाळक्यांच्या मुलीने, मंदाकिनीने केलंय. विखुरलेले तुकडे मिळवून, क्रम लावून नायर यांनी तो जोडला. एक माणूस "असेल कुठेतरी" म्हणून थांबला नाही, स्वतः जाऊन बघितलं. फरक एवढाच.

मग स्कॅन करून टाका ना, विषय संपला?

आमच्या क्षेत्रातल्या मित्रांचं पहिलं उत्तर हेच असतं. चला, गणित करू.

एक फ्रेम ४के मध्ये स्कॅन केली, ४०९६ गुणिले ३११२ पिक्सेल, तर व्यावसायिक फॉरमॅटमध्ये तिची साइज होते सुमारे ५१ एमबी. एका सेकंदाला २४ फ्रेम. दोन तासांच्या सिनेमात १,७२,८०० फ्रेम. गुणाकार करा: जवळजवळ ८.८ टीबी. एका सिनेमाचे! आणि दुरुस्त केलेली आवृत्ती वेगळी, आवाज वेगळा, बॅकअप वेगळा.

हे ठेवणार कशावर? हार्ड डिस्क न वापरता कपाटात ठेवली तरी काही वर्षांनी दगा देऊ शकते. म्हणून मोठे संग्रह एलटीओ नावाच्या डेटा टेपवर ठेवतात. टेप टिकते. पण ती वाचणारं यंत्र बदलतं. एलटीओ-७ची ड्राइव्ह दोन पिढ्या मागच्या टेप वाचायची. एलटीओ-८ची फक्त एक पिढी मागची वाचते. म्हणजे काही वर्षांनी सगळा डेटा नव्या टेपवर हलवायचा. मग परत. आणि प्रत्येक वेळी चेकसम जुळवून बघायचा, की एकही बिट बदललेला नाही. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने २००७ मध्ये एक अहवाल काढला होता. त्यातला हिशोब असा, की डिजिटल मास्टर जपायला वर्षाला १२,५१४ डॉलर लागतात आणि फिल्मचा मास्टर जपायला १,०५९. साठवणूक पुढे स्वस्त झाली, हे खरं. पण फिल्म थंड, कोरड्या खोलीत ठेवली की बराच काळ शांत राहते. डेटा शांत राहत नाही. त्याची सेवा कायम करावी लागते.

म्हणून स्कॅन झाल्यावर मूळ निगेटिव्ह फेकायची नसते. उद्या आणखी चांगला स्कॅनर येईल, तेव्हा परत तिच्याकडेच जायचंय.

'मंथन'ने काय शिकवलं

श्याम बेनेगल यांचा १९७६चा 'मंथन'. गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये घालून बनवलेला. आपल्या पुण्याची स्मिता पाटील त्यात आहे. २०२४ मध्ये मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने त्याची नवी ४के आवृत्ती तयार केली आणि ती कान महोत्सवात दाखवली गेली.

ती कशी बनली ते ऐका. चित्र घेतलं पुण्याच्या संग्रहालयात जपलेल्या मूळ निगेटिव्हवरून. आवाज घेतला फाउंडेशनकडे असलेल्या एका प्रदर्शनाच्या प्रिंटवरून. दोन जागा, दोन वेगळ्या वस्तू, आणि त्यातून एक सिनेमा. थिएटरात फिरून ओरखडे पडलेली प्रिंट कुणी "आता हिचं काय काम" म्हणून टाकून दिली असती, तर? आमच्या भाषेत सांगायचं तर जो बॅकअप कधी उघडून बघितलेला नाही, तो बॅकअपच नाही. आणि एकाच जागी ठेवलेली कॉपी म्हणजे नशिबावर टाकलेली कॉपी.

तुमच्या फोनचं काय?

आता थोडं घराकडे वळू. आज्जीचा आवाज असलेला व्हिडिओ, कॉलेजात मित्रांनी मिळून केलेली शॉर्टफिल्म, आईबाबांच्या लग्नाची कॅसेट. हे सगळं कुठे आहे? "कुठेतरी असेलच की." झालं, परत तेच वाक्य!

चार सोप्या गोष्टी सांगतो.

एक, तीन कॉपी ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. क्लाउड चालेल, मावशीकडची हार्ड डिस्कही चालेल.

दोन, व्हॉट्सअॅपवर आलेली कॉपी ही मूळ समजू नका. व्हिडिओ पाठवताना तो दाबून लहान केलेला असतो. ज्याने शूट केलंय त्याच्याकडून मूळ फाइल मागून घ्या.

तीन, नाव द्या. कोण, कुठे, कधी. नुसता नंबर असलेली फाइल वीस वर्षांनी कुणालाच ओळखता येणार नाही.

चार, वर्षातून एकदा उघडून बघा. दिवाळीच्या साफसफाईत एक तास यालाही द्या. कॅसेट असेल तर ती वाचणारं यंत्र मिळतंय तोवर डिजिटल करून घ्या, आणि कॅसेट फेकू नका.

आणि पुण्यात असाल तर लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म संग्रहालयात एखादा जुना सिनेमा मोठ्या पडद्यावर दाखवत असतील तेव्हा नक्की जा. सिनेमा जपायचा तर तो बघणारे लोकही लागतात. बघणारंच कुणी नसेल, तर त्या रिळांचं पुन्हा भंगार व्हायला वेळ लागणार नाही.

तुमच्या घरात कुठली जुनी कॅसेट, रीळ, सीडी पडलीय, ते शोधा आणि आम्हाला कळवा. पण आधी शोधा हं, "असेल कुठेतरी" असं कळवू नका! भेटू पुढच्या भागात.