हाताखालच्या माणसाचा ताण

या वसतिगृहात राहून शिकलेले अनेक विद्यार्थी आज बँका, तहसील कार्यालये, रुग्णालये, शाळा आणि कारखाने यांत जबाबदारीच्या पदांवर आहेत. कोणाच्या हाताखाली पाच माणसे आहेत, कोणाच्या पन्नास. त्यांपैकी एखाद्यावर कामाचा ताण आला तर वरिष्ठाने काय करावे, हा प्रश्न आता आपल्या घरचा झाला आहे. म्हणून त्याविषयी थोडे लिहावे, असे आम्हांस वाटले.

ताण हा साहेबाच्या खुर्चीचा आजार, अशी समजूत रूढ आहे. लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासाने ती खोटी ठरवली. त्याचा दुसरा टप्पा १९८५ मध्ये सुरू झाला व त्यात दहा हजारांहून अधिक कर्मचारी सहभागी झाले. मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांना आढळले, की हुद्दा जितका खालचा, तितका हृदयविकाराचा धोका अधिक. आणि कामावर स्वतःचे नियंत्रण नसणे हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण. अमेरिकन संशोधक रॉबर्ट कारासेक यांनीही १९७९ मध्ये हेच सूत्र मांडले होते. कामाचा बोजा मोठा आणि निर्णयाची मुभा अल्प, अशी जोडी जमली की माणूस खचतो.

बोजा कमी करणे वरिष्ठाला नेहमीच शक्य नसते. रिक्त पदे तो भरू शकत नाही. मुभा देणे मात्र बरेचसे त्याच्याच हाती असते. चुका वाढणे, वारंवार रजा, बोलक्या माणसाचे अबोल होणे, ही चिन्हे दिसताच त्या व्यक्तीस एकांतात बोलवावे; चारचौघांत कधीही नाही. घरच्या भानगडी विचारू नयेत. ‘कामातले सर्वांत जड काय जाते?’ एवढेच विचारावे व उत्तर पूर्ण ऐकावे. मग कोणते काम आधी, कोणते थांबू शकते, हे त्याच्यासह ठरवावे. दोन वरिष्ठ परस्परविरोधी आदेश देत असतील, तर ते आपसांत मिटवावे. कार्यालयीन वेळेनंतरचे दूरध्वनी टाळावेत. पंधरा दिवसांनी पुन्हा विचारपूस करावी आणि ऐकलेले आपल्यापाशीच ठेवावे.

वरिष्ठ हा वैद्य नव्हे, याचेही भान हवे. झोप उडाली असेल, बोलण्यात निराशा डोकावत असेल, तर तज्ज्ञांकडे जाण्यास सुचवावे व त्यासाठी रजा द्यावी. केंद्र शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेली ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध आहे. जिवाला धोका असल्याची शंका आली, तर त्या व्यक्तीस एकटे सोडू नये.

आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांना स्वतःच्या श्रमाविषयी एक शब्द बोलण्याची सोय नव्हती. काम सांगितले जाई आणि ते मुकाट करावे लागे. त्यांच्या नातवंडांच्या टेबलासमोर उभ्या राहणाऱ्या शिपायाला, लिपिकाला, परिचारिकेला ‘हे मला झेपत नाही’ असे निर्भयपणे म्हणता यावे, एवढी अपेक्षा आम्ही आपल्या माजी विद्यार्थ्यांकडून करतो.