नोटांची चित्रे आणि कायदा (लेखांक ७) : जाहिरातदाराचे नाव

लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात १९८७ साली बॉग्ज या चित्रकारावर चाललेल्या खटल्याची हकीकत आज सांगण्याचे मी कबूल केले होते; परंतु मध्यंतरी एका वाचकांचे पत्र आले, आणि त्यांचा प्रश्न आपल्याच कायद्यातील एका दुर्लक्षित पण अत्यंत मार्मिक कलमाशी येऊन भिडत असल्यामुळे ती हकीकत पुढील आठवड्यावर ढकलणे मला भाग पडले आहे.

पत्रलेखकांच्या गावी एका कापडदुकानदाराने दिवाळीनिमित्त पाचशेच्या नोटेच्या आकाराची व रंगाची हस्तपत्रके वाटली. पुढे नोटेसारखी वेलबुट्टी, मागे सवलतींची यादी, आणि बँकेच्या नावाच्या जागी दुकानाचे नाव. असल्या कागदाने कोणीही फसणार नाही हे उघड असता यात गुन्हा तो कोणता, असे ते विचारतात.

बनावट नोटा तयार करण्याचा गुन्हा अर्थातच नव्हे. त्याची शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते, आणि 'बनावट' या संज्ञेच्या व्याख्येतच फसविण्याचा इरादा, निदान फसगत संभवते याची जाणीव, गृहीत धरलेली आहे. परंतु दुसरे महायुद्ध चालू असता, १९४३ साली, दंडसंहितेत ४८९-ई हे कलम दाखल झाले, आणि त्यात इराद्याचा उल्लेखच नाही. चलनी नोटेशी वा बँकनोटेशी कोणत्याही प्रकारे सादृश्य असलेला दस्तऐवज जो कोणी तयार करील, करवील, कोणत्याही कारणासाठी वापरील किंवा दुसऱ्याच्या हाती देईल, तो दंडास पात्र होतो. फसविण्याजोगे हुबेहूब साम्य हा त्या मजकुरातील निराळा विकल्प आहे. तो 'किंवा' या शब्दाने जोडलेला असल्यामुळे नुसते सादृश्यही पुरेसे ठरते. शिवाय बँकनोटेच्या व्याख्येत जगातील कोणत्याही भागातील बँकेची नोट येत असल्याने डॉलरच्या धर्तीवर पत्रक छापूनही सुटका होत नाही.

इतक्या व्यापक कलमाचा दंड मात्र त्या दंडसंहितेत अवघा शंभर रुपयांपर्यंत होता, आणि म्हणून पुष्कळ वकीलही त्याची उपेक्षा करीत आले आहेत. त्यांनी पुढचे पोटकलम वाचावे. ज्याचे नाव अशा कागदावर आहे त्याने, पोलीस अधिकाऱ्याने विचारले असता, तो कोणी छापला वा तयार केला त्याचे नाव व पत्ता सांगण्यास सबळ कारणावाचून नकार दिला, तर दंड दोनशेपर्यंत असे! मूळ कृत्यापेक्षा मौनाला दुप्पट शिक्षा. तिसरे पोटकलम तर असे, की कागदावर, किंवा त्याच्याबरोबर वाटलेल्या दुसऱ्या कागदावर, ज्याचे नाव आढळेल त्यानेच तो करविला असे, विरुद्ध शाबीत होईपर्यंत, मानता येईल. आता विचार करावा : खोट्या नोटा पाडणारा आपले नाव त्यांवर कशाला छापील? ते छापतो जाहिरातदार. या दोन पोटकलमांचा रोख नि:संशय त्याच्यावर आहे, आणि त्याच्याकरवी तो छापखान्यापर्यंत पोहोचतो. कारण आज निरुपद्रवी पत्रकासाठी जो ठसा तयार झाला, त्यावरून उद्या काय छापले जाईल याची हमी दुकानदार देऊ शकत नाही. नोटेच्या सुरक्षिततेची खरी चौकी छापखान्याच्या दाराशी असावी लागते, हे ओळखणाऱ्या त्या मसुदाकारांविषयी मला मनःपूर्वक आदर वाटतो.

तेव्हा दुकानदारास सांगावे की उरलेली पत्रके वाटू नयेत, आणि विचारणा झाल्यास छापखान्याचे नाव निमूटपणे द्यावे.

उणीव एकच, पण मोठी. गेल्या आठवड्यात पाहिलेला अमेरिकन नियम, पाऊणपटीहून लहान किंवा दीडपटीहून मोठे, एकाच बाजूस छापलेले चित्र निर्भयपणे छापू देतो. तसले कोणतेही माप आमच्या कलमात नाही, आणि नोटांवर सचित्र पुस्तक काढू पाहणाऱ्या अभ्यासकाला त्यामुळे कायद्याचा आधार सापडत नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत हेच कलम १८२ या क्रमांकाने आले, तेव्हा मापाचे एक वाक्य त्यात सहज घालता आले असते. शंभराचे तीनशे आणि दोनशेचे सहाशे तेवढे झाले.