आधी पेन ड्राइव्हचा कस पाहा

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे नागपूरच्या इतवारीतल्या एखाद्या घाऊक दुकानात हिशेबाच्या जुन्या संगणकावर लिनक्स घालायचं ठरतं, आणि काम अर्ध्यावरच अडतं. दोष लगेच लिनक्सला किंवा जुन्या यंत्राला दिला जातो. माझ्या मते पहिला संशय ज्यावरून लिनक्स घालतो, त्या पेन ड्राइव्हवरच घ्यावा. सराफा ओळीत सोन्याचा कस आधी लावतात, भाव मग ठरतो. लिनक्सची आयएसओ फाइल त्यावर नुसती कॉपी करून सहसा भागत नाही. रुफस किंवा बलेना एचरसारख्या साधनानं ती लिहावी लागते. त्याआधी फाइलचा एसएचए-२५६ आकडा वितरकानं दिलेल्या आकड्याशी ताडावा. एक बाइट जरी बदलला, तरी अख्खा आकडा बदलतो.

‘याच पेन ड्राइव्हवर फोटो तर नीट उघडतात,’ असा आक्षेप येईल. पण फोटोतला एखादा बिघडलेला बाइट डोळ्यांना कदाचित दिसतही नाही. इन्स्टॉलरच्या दाबून बसवलेल्या फाइलींत मात्र तेवढ्यानं पुढचं उलगडणंच थांबू शकतं. उबंटू हे लिनक्स वितरण २०.०४ आवृत्तीपासून पेन ड्राइव्हवरून सुरू होतानाच स्वतःची तपासणी करतं, ती घाईत टाळू नये. तोच ड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर नीट चालला, तर मग यंत्राकडे वळावं: सिक्युअर बूट अडवतं का, की डिस्क इंटेल आरएसटी मोडमध्ये असल्यानं दिसतच नाही? डिस्क एएचसीआय मोडवर नेण्याआधी मात्र हिशेबाची प्रत वेगळी काढून ठेवा, कारण या बदलानं जुनं विंडोज सुरू होणं बंद पडू शकतं.