नेम कुणाचा : बंदुकीचा की हाताचा?

एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

सन २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील एक छायाचित्र जगभर गाजले. तुर्कस्तानचा युसुफ दिकेच हा एकावन्न वर्षांचा नेमबाज अंगात साधा टी-शर्ट, डोळ्यांवर रोजचा चष्मा आणि डावा हात खिशात अशा थाटात उभा राहून पिस्तुलाचा नेम धरीत होता. इतर अनेक स्पर्धकांच्या डोळ्यांपुढे खास भिंगे, झापडे, कानांवर मोठी आवरणे होती. याच्या कानात फक्त छोटी बोंडे होती. १० मीटर एअर पिस्तूलच्या मिश्र जोडीच्या स्पर्धेत त्याने व त्याच्या सहकारी शेव्वाल इलायदा तरहान हिने रौप्यपदक मिळवले. त्याच स्पर्धेत आपल्या मनू भाकर व सरबज्योत सिंग यांना कांस्यपदक मिळाले.

हे छायाचित्र पाहून पुष्कळांनी निष्कर्ष काढला की साधने वगैरे सगळी मिरवण्याची गोष्ट आहे, हातात कसब असले की झाले. याच्या उलट आपल्याकडे दुसरा एक समज पूर्वीपासून आहे. तो असा की नेमबाजी हा राजेरजवाड्यांचा आणि धनिकांचा खेळ. महागडी बंदूक परवडेल त्यानेच तिकडे पाहावे. पहिला समज खरा धरला तर सोयींची मागणी करण्याचे कारण उरत नाही आणि दुसरा खरा धरला तर प्रयत्न करण्याचे. म्हणजे दोन्हींचा परिणाम आपल्यासारख्या गावातील मुलामुलींवर एकच होतो. म्हणून साधनाचा वाटा किती आणि हाताचा किती, हे नीट तपासून पाहिले पाहिजे.

प्रथम त्या छायाचित्राबद्दल. दिकेचचा चष्मा साधा होता, पण पिस्तूल साधे नव्हते. ते स्पर्धेसाठीच घडवलेले होते. खिशातला हातही बेफिकिरीचा नव्हे. पिस्तुलाचा नेम एकाच हाताने धरायचा असतो आणि मोकळा हात लोंबत राहिला तर शरीर हलते, म्हणून पुष्कळ नेमबाज तो खिशात किंवा पट्ट्यात अडकवतात. पॅरिसचे हे त्याचे पाचवे ऑलिंपिक होते. छायाचित्रात साधेपणा दिसला, पण त्यामागची वर्षे दिसली नाहीत.

जत्रेतील बंदूक काय शिकवते

नेमबाजी आपल्याला वाटते तितकी परकी नाही. ज्वारी-बाजरीच्या राखणीला माळ्यावर उभे राहून गोफण फिरवणारी माणसे आपल्या भागात होती. गोफण म्हणजे काय, तर दोरीची वीण आणि शेतातला खडा. खर्च जवळजवळ शून्य. जत्रेत फुगे फोडण्याचे दुकान तर प्रत्येकाने पाहिलेले आहे. तिथली छर्र्याची बंदूक बहुधा जुनी असते, तिची माशी कधी वाकलेली, कधी झिजलेली. नवखा मनुष्य फुग्यावर नेम धरतो, छर्रा बाजूने जातो, तो पुन्हा तसाच नेम धरतो आणि शेवटी बंदुकीला नावे ठेवून निघून जातो. जाणता पोरगा पहिला छर्रा कुठे गेला ते पाहतो. तो वीतभर उजवीकडे गेला असेल तर पुढचा नेम वीतभर डावीकडे धरतो आणि फुगा फोडतो.

या साध्या गोष्टीत नेमबाजीचे मोठे तत्त्व दडलेले आहे. एन. सी. सी. मध्ये .२२ रायफल हाती देतात तेव्हा प्रथम मधला ठिपका उडवायला सांगत नाहीत. पडून पाच गोळ्या झाडायच्या आणि पाचही जवळजवळ पडल्या का ते पाहायचे, याला ‘ग्रुपिंग’ म्हणतात. समजा, एकीच्या पाचही गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकतील इतक्या जवळ, पण मध्यापासून दूर डावीकडे पडल्या. दुसरीची एक गोळी बरोबर मध्यात लागली आणि उरलेल्या चार कागदभर विखुरल्या. टाळ्या दुसरीला मिळतील, पण चांगली नेमबाज पहिली आहे. तिचा हात दर वेळी तेच काम करतो आहे, फक्त बंदुकीची नजर सरकलेली आहे. ती नजर स्क्रू फिरवून मिनिटभरात ठीक करता येते. विखुरलेल्या गोळ्या गोळा करणारा स्क्रू मात्र अजून कोणत्याही कारखान्यात तयार झालेला नाही.

थोडक्यात सांगायचे तर, गोळ्यांचा पुंजका कुठे पडला हे बहुतेक बंदुकीच्या नजरेवर ठरते आणि तो किती लहान आहे हे हातावर. (बंदूक बरी असली म्हणजे, तो मुद्दा पुढे येईलच.) लक्ष्याचा कागद असा वाचता आला की ‘नाचता येईना अंगण वाकडे’ म्हणण्याची सोय राहत नाही, आणि अंगण खरोखरच वाकडे असेल तर तेही कळते.

थोडे गणित

१० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो, म्हणजे या पानावरील एखाद्या पूर्णविरामाएवढा. छर्रा असतो साडेचार मिलिमीटरचा. एअर पिस्तूलचे दहाचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचे असते. ५० मीटर रायफलचे दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे.

आता पिस्तूल घेऊ. त्याच्या मागची खाच आणि पुढची माशी यांत साधारण ३० सेंटिमीटर अंतर धरू. नेम धरताना संपूर्ण हात आहे तसाच एक मिलिमीटर बाजूला सरकला, तर १० मीटरवर छर्राही एकच मिलिमीटर सरकतो. दहा गुण कायम राहू शकतात. पण मनगट किंचित वळले आणि माशी खाचेच्या मध्यापासून एक मिलिमीटर ढळली, तर ती चूक अंतराच्या प्रमाणात वाढत जाते. ३० सेंटिमीटरवर एक, तर १० मीटरवर सुमारे ३३ मिलिमीटर! दहाचे सहा होतात.

म्हणून पिस्तूल शिकवणारे हात हलला याची फारशी चिंता करीत नाहीत. जिवंत माणसाचा हात हलणारच. ते दोन गोष्टींवर भर देतात : नजर माशीवर ठेवा आणि चाप हळू, सरळ मागे दाबा. अर्जुनाला पक्ष्याचा डोळाच दिसत होता ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पिस्तुलाच्या नेमबाजाला मात्र माशी स्पष्ट आणि लक्ष्य अंधुक दिसले पाहिजे. डोळा एका वेळी दोन्ही अंतरांवर स्थिर होत नाही, आणि चूक वाढते ती माशीपाशी. बहुतेक गोळ्या बिघडतात त्या शेवटच्या क्षणी. दहा दिसले की मन घाई करते, चापाला झटका बसतो आणि मनगट वळते. या घाईवर उपाय बाजारात मिळत नाही.

पैशाने काय मिळते?

म्हणून साधनाला महत्त्वच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. जत्रेतल्या बंदुकीत जोरदार स्प्रिंग असते. चाप दाबताच ती बंदुकीला हिसका देते आणि छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच नळी हलते. अशा बंदुकीने उत्तम नेमबाजाचाही पुंजका फैलावतो. स्पर्धेच्या रायफलीत दाबलेली हवा भरलेली नळकांडी असते. हिसका जाणवत नाही, चाप हलका असतो, दस्ता आपल्या खांद्या-गालाप्रमाणे जुळवता येतो. ती पकडीत घट्ट आवळून झाडली तर छर्रे एकाच भोकातून जातात. म्हणजे एका पातळीपर्यंत पैसा खर्च केल्यावर बंदूक कोणत्याही माणसापेक्षा जास्त अचूक होते. त्यापुढे ती आणखी महाग घेतली तरी गुण वाढायचे कसे? उणीव आता बंदुकीत उरलेलीच नसते.

रायफल नेमबाजांचे ते जाड, ताठ जाकीट हेही असेच. पाच किलोच्या आसपास वजनाची रायफल धरून, सव्वा तासाच्या आत साठ नेम साधायचे तर पाठीला आधार लागतोच. पण आंतरराष्ट्रीय नियमांनी त्या जाकिटाच्या कापडाच्या एका थराची जाडी अडीच मिलिमीटरपर्यंतच मर्यादित केली आहे. जाडी आणि ताठरपणा यंत्राने मोजतात आणि जास्त भरल्यास ते जाकीट चालत नाही. रायफलीचे वजन आणि पिस्तुलाच्या चापाचा किमान दाब यांनाही मर्यादा आहेत. पैशाने गुण विकत घेता येऊ नयेत याची काळजी खेळाने स्वतःच घेतली आहे.

साधनाने ऐन वेळी दगा देऊ नये, एवढी अपेक्षा मात्र रास्त आहे. सन २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलाचा भाग तुटला, दुरुस्तीत बहुमोल वेळ गेला आणि ती बाराव्या स्थानावर राहिली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने दोन कांस्यपदके मिळवली. सन २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने अंतिम फेरीपूर्वी चाचणीचा छर्रा झाडला, तो भलतीकडेच गेला. रायफलीची नजर सरकलेली होती. त्याने ती तेवढ्या वेळात जुळवून घेतली आणि शेवटच्या नेमात १०.८ गुण मिळवून भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले. त्याच्यापाशी उत्तम साधने होती, हे खरे. पण त्या क्षणी त्याला तारले ते जत्रेतल्या जाणत्या पोराच्याच ज्ञानाने : छर्रा कुठे गेला ते पाहा, आपला हात ओळखा, मग नजर बदला.

महाभारताच्या मौसलपर्वात एक करुण प्रसंग आहे. श्रीकृष्णाच्या निधनानंतर अर्जुन द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन निघाला असता आभीरांनी वाटेत हल्ला केला. गांडीव तेच होते, पण ते चढवणेही त्याला जड गेले आणि अस्त्रे आठवेनात. धनुष्य तेच असताना धनुर्धर तो राहिला नव्हता.

गोळी आणि संधी

मग गरिबाचे घोडे अडते कुठे? याचे उत्तर स्वप्नील कुसळे याच्या वाटचालीत सापडते. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातले कांबळवाडी हे त्याचे गाव, वडील शिक्षक. तो राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत आला आणि नेमबाजी शिकला तो आपल्या नाशिकमध्ये. पुढे रेल्वेत तिकीट तपासनीस झाला. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन अवस्थांच्या स्पर्धेत (गुडघ्यावर बसून, पडून आणि उभे राहून) त्याने ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले. पात्रता फेरीत तो सातवा होता. अंतिम फेरीत गुडघ्यावरच्या नेमांनंतर सहावा होता आणि उभ्याने नेम धरण्याच्या सर्वांत अवघड टप्प्यात वर आला. सन १९५२ मध्ये खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत पदक मिळवल्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

त्या वेळी वृत्तपत्रांतून आलेली एक गोष्ट मला पदकाइतकीच मोलाची वाटते. वडिलांनी कर्ज काढले होते, ते मुलाच्या गोळ्यांसाठी. बंदूक एकदाच घ्यावी लागते, गोळी रोज लागते. झाडलेली गोळी परत येत नाही. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, ही म्हण इथे खरी ठरते. श्रीमंताचा मुलगा पुढे जातो तो बंदुकीच्या चकाकीमुळे नव्हे. त्याच्या वाट्याला अधिक गोळ्या, अधिक तास आणि चांगला शिक्षक येतो म्हणून.

अंजली भागवत यांची सुरुवात मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयातील एन. सी. सी. मधून झाली आणि सन २००० मध्ये त्या सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनच्या विश्वविजेत्या झाल्या. पाठोपाठ त्याच शहरातून राही सरनोबत आली. एका गावातून एकामागून एक नेमबाज निघतात ते शिकण्याची जागा, शिकवणारे आणि डोळ्यांपुढचे उदाहरण जवळ असते म्हणून.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. नवी कोणतीही गोष्ट म्हटली की घरातला पहिला प्रश्न ‘खर्च किती?’ हाच असतो आणि तो योग्यच आहे. स्पर्धेची परदेशी रायफल आज लाखांच्या घरात जाते. लासलगावच्या बाजार समितीत ज्याचा कांदा जातो, त्याला एवढ्या पैशांसाठी किती ट्रॅक्टर खाली करावे लागतात ते सांगायला नको. त्या बापाला कोणी सांगितले की मुलीला नेमबाज करायचे तर आधी रायफल घे, तर ती मुलगी तिथेच थांबेल. आणि तसे सांगणे चूकही आहे. पहिली एक-दोन वर्षे स्वतःची रायफल लागत नाही. संस्थेच्या चार बऱ्या रायफली, भरपूर छर्रे व कागद, आणि जाणता शिक्षक एवढे पुरते. पुढे जाकीट स्वतःच्या मापाचे घ्यावे, कारण ते उसने होत नाही. रायफल सर्वांत शेवटी.

१० मीटरच्या नेमबाजीला मैदानही लागत नाही; एखादा लांब वर्ग, भक्कम मागची भिंत आणि कडक शिस्त लागते. सरावाचा मोठा भाग तर छर्रा न भरताच होतो. नळीवर नाणे ठेवून ते न पाडता चाप दाबण्याचा सराव जगभर करतात. त्याला खर्च त्या नाण्याएवढाही नाही, कारण नाणे परत खिशात जाते. आपल्या जिमखान्याने याचा विचार अवश्य करावा.

लिलावात काटा कितीही नवा असला तरी कांद्याची पारख अनुभवी डोळाच करतो. पण त्या डोळ्यालाही आधी बाजारात उभे राहण्याची जागा मिळावी लागते. एकलव्याची कथा आपण त्याच्या कसबासाठी सांगतो. त्याने मातीच्या पुतळ्यापुढे सराव केला, हे खरे. पण त्याला पाठशाळेत घेतले असते तर पुतळा करावा लागला नसता. कसब हाताचेच असते, यात शंका नाही. त्या हाताला पुरेशा गोळ्या आणि उभे राहायला जागा देणे, एवढेच काम पैशाचे आहे, आणि ते समाजाने करायचे आहे.